मन्नत, उमरा आणि 'बरी' या शब्दाचा अर्थ

प्रश्न : माझे वय 47 आहे. माहेर राजापूरचे, आम्ही कोकणी मुसलमान, मजहब (धर्मशास्त्राची शाखा) शाफई. सासर सोलापूरचे, ते हनफी. लग्नानंतर गेली 22 वर्षे पुण्यात कोंढव्याला राहते. गेल्या वर्षी डाव्या स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन हे सारे संपून चार महिने झाले. आता रोज टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर फार खचले होते, तेव्हा 'बरी झाले तर उमरा करीन' अशी मन्नत मानली (उमरा म्हणजे हजखेरीजची मक्केची छोटी यात्रा). दोन महिन्यांवर रमजान आहे, टूरवाले गट भरत आहेत आणि रमजानमधल्या उमऱ्याचा सवाब (पुण्य) हजइतका, म्हणून घरातून आग्रह होतो आहे. माझे डॉक्टर मात्र थांबा म्हणतात. मन्नत लांबवली तर गुन्हा लागेल का? चाकांच्या खुर्चीवरून केलेला तवाफ (काबाभोवतीच्या सात फेऱ्या) पूर्ण धरतात का? जाऊबाई म्हणतात, तो अर्धाच. आणखी एक विचारायला संकोच वाटतो : केस नुकतेच बोटभर वाढले आहेत, उमऱ्याच्या शेवटी ते कापावे लागतील का?

उत्तर : मी पेशाने डॉक्टर आहे, धार्मिक बाबींत येथे तेवढेच लिहितो आहे जेवढे शाफई आणि हनफी जाणकारांच्या मते स्पष्ट आहे. शंका उरल्यास आपल्या मजहबच्या आलिमांना (धर्मपंडितांना) अवश्य विचारा.

मन्नतीपासून सुरुवात करू, कारण घरातल्या साऱ्या घाईचे मूळ तेथे आहे. उमऱ्याची मन्नत मानली आणि अट पूर्ण झाली की ती फेडणे वाजिब (बंधनकारक) होते, यात मतभेद नाही. परंतु आपण मन्नत मानताना महिना किंवा वर्ष ठरवले नव्हते, आणि वेळ न ठरवलेली मन्नत सबळ कारणाने पुढे गेल्यास गुन्हा लागत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की आपली अट पूर्ण झाली आहे का? आपण 'उपचार संपले तर' असे म्हटले नव्हते, 'बरी झाले तर' असे म्हटले होते. उपचार संपण्याच्या तारखेची नोंद फाइलमध्ये असते; बरे होण्याची तारीख मात्र शरीर ठरवते. जिना चढताना मध्येच थांबावे लागते, दुपारी आडवे झाल्याशिवाय संध्याकाळ निघत नाही, अशी अवस्था अजून असेल (रेडिएशननंतरचा थकवा कित्येक महिने रेंगाळतो, हे मी रुग्णांमध्ये नेहमी पाहिले आहे), तर तुम्ही अद्याप मन्नतीच्या अटीपर्यंत पोहोचलेल्या नाहीत, असे मी समजेन.

रमजानमधल्या उमऱ्याची फजिलत (श्रेष्ठता) हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहेच, ती कमी लेखण्याचा प्रश्न नाही. पण त्याच महिन्यात मस्जिद-ए-हरामची (काबाभोवतीच्या मशिदीची) गर्दी इतकी वाढते की हॉटेलातून आत पोहोचण्यातच शक्ती संपते, वर रोजे आणि अपुरी झोप. या रमजानचा विचार सोडा. येत्या हजनंतर मक्केचा उन्हाळा ओसरू द्या आणि डिसेंबर-जानेवारीतला, रमजानबाहेरचा काळ निवडा. तेव्हा दिवसाचे तापमान तीस अंशांच्या आसपास असते. 2024 च्या हजमध्ये पारा 50 अंशांच्या वर गेला आणि 1,300 हून अधिक यात्रेकरू दगावले, हे विसरता येण्याजोगे नाही.

खुर्चीबद्दल जाऊबाईंना एवढेच सांगा की पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी आजारी असल्याची तक्रार केली तेव्हा पैगंबरांनी त्यांना लोकांच्या मागून, वाहनावर बसून तवाफ करण्यास सांगितले होते. तो तवाफ अर्धा धरला गेला नाही. मस्जिदमध्ये चाकांची खुर्ची मिळते, ढकलणारे मिळतात, वरच्या मजल्यांवर विजेवर चालणाऱ्या गाड्याही आहेत. तवाफ जमेल तेवढा चालून करून सईसाठी (सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्यांसाठी) खुर्ची घेतली तर अधिक बरे, कारण सफा आणि मरवा यांच्यातले अंतर सुमारे 450 मीटर आहे आणि सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरहून अधिक होते. आपली तयारी कितपत आहे हे पुण्यातच तपासता येईल : सकाळी रेसकोर्सवर तीन किलोमीटर चालून पाहा आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटते ते लिहून ठेवा. तवाफ आणि सई यांच्या मध्ये विश्रांती घेतल्याने उमरा बिघडत नाही. फक्त एहरामचे (उमऱ्यासाठी धारण केलेल्या विशेष अवस्थेचे) नियम तोवर चालू राहतात.

प्रवासाची आखणी टूरवाल्यांवर सोडू नका. बहुतेक गट मुंबईहून जेद्दाला उतरतात, तेथून मक्केला जातात आणि त्याच रात्री, न झोपता, उमरा उरकतात. धडधाकट माणसांचीही त्यात दमछाक होते. तुम्ही आधी मदिना धरा. मुंबईहून मदिनेला जा, चार-पाच दिवस राहा, अंगात प्रवासाचा शीण उरू देऊ नका, मग मदिनेच्या मीकातवरून (एहराम जिथून सुरू करायचा त्या ठिकाणावरून), म्हणजे जुल-हुलैफाहून, एहरामची नियत (संकल्प) करा. मदिना ते मक्का हे सुमारे 450 किलोमीटरचे अंतर 2018 पासून धावणारी हरमैन रेल्वे अडीच तासांच्या आसपास पार करते. बसमध्ये हेच पाच-सहा तास जातात.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. ज्या बाजूच्या काखेतील गाठी काढल्या आहेत तो हात विमानात सुजू शकतो, म्हणून डॉक्टर कधीकधी दाबपट्टीची बाही आणि पंजावरचे घट्ट आवरण घालायला सांगतात. एहराममध्ये स्त्रीला शिवलेले कपडे, मोजे, बाही सारे चालते, पण हातमोजे चालत नाहीत. आधी मदिनेला गेल्यास विमानप्रवास एहरामशिवाय होतो आणि हा पेच उद्भवतच नाही. पुढे गरज पडलीच आणि पंजावर आवरण घालावे लागले, तर आजारपणाच्या सबबीला कुराणातच (सूरह बकरा, आयत 196) वाट आहे : तीन रोजे, सहा गरिबांना अन्न किंवा एक कुर्बानी, यांपैकी कोणताही एक फिदया (भरपाई).

टॅमॉक्सिफेनमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि लांबच्या प्रवासात तो आणखी वाढतो. विमानात तासातासाला उठून चाला, पाणी पीत राहा, पायात दाबमोजे घालावेत का ते डॉक्टरांना विचारा. एका पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा अचानक धाप लागणे, याकडे दुर्लक्ष करू नका. मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकॉकलची लस उमऱ्यासाठी सक्तीची आहे आणि ती निघण्यापूर्वी किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते; तिच्यात जिवंत जंतू नसल्याने ती तुम्हाला चालते. तोंडावाटे दिला जाणारा पोलिओचा डोस मात्र जिवंत विषाणूचा असतो, तो कोणी दिला तरी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. औषधे मूळ पाकिटात, इंग्रजीतल्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवा. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके सौदीत नियंत्रित आहेत, त्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. आणि आजारातून उठलेल्या माणसाला आपल्याकडे डिंकाचे लाडू बांधून देण्याची रीत आहे, त्यात खसखस असते. सौदीत खसखस नेण्यास बंदी आहे. लाडू घरीच खाऊन निघा.

एक गोष्ट शाफई असल्याने तुम्हाला विशेष लागू आहे. नियत केल्यानंतर केवळ आजाराच्या कारणाने एहराम सोडता येत नाही, असे शाफई मत आहे. परंतु नियत करतानाच 'आजाराने मला जिथे अडवले, तिथेच माझा एहराम सुटेल' अशी अट घातली असेल, तर सोडता येतो. दुबाआ बिंत जुबैर या आजारी स्त्रीला पैगंबरांनी नेमके हेच करण्यास सांगितले होते. हनफींमध्ये या अटीचा परिणाम मानत नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा आहे, म्हणून सासरच्या मंडळींकडून याबाबत ऐकायला मिळणार नाही. नियत करताना हे वाक्य विसरू नका.

राहिले केस. स्त्रीने मुंडन करायचे नसते, केस थोडे कापायचे असतात, आणि शाफई मतानुसार किमान तीन केस, तेही कितीही कमी लांबीचे, कापले तरी पुरते. डोक्यावर आज जे बोटभर आले आहे त्याला धक्का लावण्याचे कारण नाही. कानामागचे तीन केस सोबतच्या एखाद्या बाईकडून किंवा नवऱ्याकडून कापून घ्या. कात्री तेवढी मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीतली विमानतळावर काढून घेतात.