मुलगी उन्हाळाभर पेगन वस्तीत राहायचं म्हणते

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये पर्यावरण अभ्यासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जोडीला धर्मअभ्यास हा मायनर घेतलाय. यंदा सुट्टीत घरी न येता मे ते ऑगस्ट 'पेगन' लोकांच्या जमिनीवर राहून काम करायचं म्हणते. पगार नाही, पण राहणं-जेवण फुकट. इंटरनेटवर पाहिलं तर चेटूक, शेकोट्या, चंद्राची पूजा असलं काय काय दिसलं. तिची आई रात्र रात्र झोपत नाही. वर्गातली मुलं कंपन्यांत इंटर्नशिप करणार आणि ही गवत उपटणार. शिक्षणासाठी कर्ज काढलंय. जाऊ द्यावं का? (एक पालक, सांगली)

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या चेटकाने मला काही वाटलं नाही. 'पगार नाही, पण राहणं-जेवण फुकट' या वाक्याशी मात्र मी थांबले.

तुमची मुलगी एफ-१ व्हिसावर, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर, असणार. या व्हिसावर कॉलेजच्या आवाराबाहेर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही, आणि नोकरी म्हणजे फक्त पगाराचा चेक नव्हे. कामाच्या बदल्यात खोली आणि दोन वेळचं जेवण मिळालं, तर तोही मोबदला धरला जाऊ शकतो. एखाद्या संस्थेत शनिवारी जाऊन चार तास झाडं लावणं निराळं आणि तीन महिने तिथे राहून, त्यांचं खाऊन, रोज ठरलेलं काम करणं निराळं. धर्मसंस्था आहे म्हणून नियमात सवलत असेल, असंही समजू नका. धार्मिक कामासाठी येणाऱ्यांचा व्हिसाच वेगळा असतो. बिनपरवाना काम उघड झालं तर विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचा हक्क जाऊ शकतो आणि पुढे नोकरीच्या व्हिसाच्या वेळी तेच आडवं येतं. त्या समुदायातली माणसं कितीही भली असोत, परदेशी विद्यार्थ्यांचे नियम त्यांना तोंडपाठ असतील अशी अपेक्षा धरता येत नाही.

यातून सरळ रस्ता आहे. करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे सीपीटी. काम तिच्या अभ्यासक्रमाशी जोडलेलं हवं, तिचं एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं हवं (ते झालंय), संस्थेचं पत्र हवं, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाने कामाच्या पहिल्या दिवसाच्या आधी आय-२० वर (विद्यापीठ परदेशी विद्यार्थ्याला देतं ते प्रमाणपत्र) मंजुरी नोंदवलेली हवी. नंतर नोंदवून चालत नाही. बऱ्याच विद्यापीठांत सीपीटीसाठी उन्हाळी क्रेडिट घ्यावं लागतं आणि त्याची फी भरावी लागते. म्हणजे 'फुकट' उन्हाळ्याला खर्च आहे. कर्जाचं गणित मांडाल तेव्हा तो धरा.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडे येते. पेगन हा एखाद्या बाबाचा पंथ नाही. चेटकाला धर्म मानणारा विक्का, प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड, उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स देवांना मानणारे हीदन, अशा निसर्गपूजक किंवा ख्रिस्तपूर्व देवांना मानणाऱ्या अनेक परंपरांना मिळून हे नाव आहे. त्यांना एक ग्रंथ नाही, एक धर्मगुरू नाही. आजचं रूप बरंचसं विसाव्या शतकातलं. विक्का इंग्लंडमध्ये 1950च्या दशकात जेरल्ड गार्डनर या इंग्रज लेखकामुळे लोकांसमोर आला. ऋतुचक्रातले आठ सण अनेक जण पाळतात, जूनमधला सर्वांत मोठा दिवस त्यातलाच. तुम्ही पाहिलेल्या शेकोट्या बहुधा त्याच्याच.

ठिकाणाचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून विस्कॉन्सिनमधली सर्वांत परिचित संस्था उदाहरणाला घेते. सर्कल सँक्च्युअरी 1974 साली सेलेना फॉक्स यांनी सुरू केली. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसनच्या पश्चिमेला, बार्नवेल्ड गावाजवळ त्यांची सुमारे 200 एकरांची राखीव निसर्गभूमी आहे. तिथे चर्च म्हणून मान्यता मिळवायला त्यांना 1980च्या दशकात स्थानिक जमीनवापराच्या नियमांशी भांडावं लागलं. तुरुंगातल्या एका विक्का अनुयायाच्या खटल्यात अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने 1986 मध्ये विक्का हा धर्मच असल्याचं म्हटलं. 2007 मध्ये तर मोठ्या कायदेशीर लढाईनंतर, मरण पावलेल्या पेगन सैनिकांच्या सरकारी समाधीशिळेवर पंचकोनी ताऱ्याचं चिन्ह कोरायला परवानगी मिळाली. सर्कल सँक्च्युअरी त्या लढ्यात पुढे होती. हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला, की वकील लावून, कागदपत्रं करून स्वतःचे हक्क मिळवणाऱ्या संस्थेकडून लेखी कामाचं पत्र मागायला तुमच्या मुलीने अजिबात संकोचू नये. जी संस्था असं पत्र द्यायला कां-कू करेल, तिथे जाऊ नये. मग ती पेगन असो की आपली एखादी आश्रमशाळा.

काळजी करायचीच तर नेमकी करा. फोन तिच्याकडेच राहणार ना? रविवारी मॅडिसनला जायचं म्हटलं तर गाडी कोणाची? (अशा टेकाडांच्या भागात बसची सोय जवळपास नसते.) झोपायला खोली की तंबू, आणि सोबत कोण? विधीत भाग घेणं ऐच्छिक आहे, हे आधी विचारून घ्यावं. काही पेगन मेळाव्यांत कपड्यांची सक्ती नसते. तिला ते नको असेल तर तसं सांगायची मोकळीक हवी. या वर्तुळात गेली काही वर्षं संमतीच्या प्रश्नावर बरीच उघड चर्चा झाली आहे, म्हणून तक्रार कोणाकडे करायची याचं उत्तर संस्थेकडे तयार असायला हवं. नसेल तर तेच उत्तर समजा. दारूबद्दल कायदा स्पष्ट आहे, 21 वर्षांच्या आत नाही.

गवत उपटण्याविषयी तुम्ही जे लिहिलंय ते मात्र मला पटलं नाही. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये मूळचं प्रेअरी गवताळ रान फार थोडं उरलंय आणि ते परत आणणं हे तिथलं शिकलेल्या माणसांचं काम आहे. गार्लिक मस्टर्ड, बकथॉर्न ही बाहेरून आलेली झाडं ओळखून काढावी लागतात. वाइल्ड पार्सनिपचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालूनच काम करायला सांगा. गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यामुळे लाइम आजार होतो. रोज संध्याकाळी अंग तपासायची सवय लावावी लागेल, आणि विद्यापीठाचा आरोग्यविमा उन्हाळ्यात चालू राहतो का, हे आधी पाहावं लागेल. चेटकापेक्षा या गोचिडीची धास्ती मला जास्त वाटते, खरं सांगते.

सर्कल सँक्च्युअरीच्या जमिनीवर 1995 पासून एक दफनभूमीही आहे. तिथे मृतदेहाला रसायनं न भरता, मातीत मिसळून जाणाऱ्या पेटीत किंवा कापडात पुरतात. हरित दफन आणि जमीन राखणं यांची सांगड घालणाऱ्या अशा जागा अमेरिकेत वाढत आहेत. पर्यावरण आणि धर्म हे दोन्ही शिकणाऱ्या मुलीला असं काम जवळून पाहायला मिळत असेल, तर वर्गमित्रांच्या इंटर्नशिपपेक्षा ते मी कमी मानणार नाही. अट एवढीच की तिच्या हाती ठरावीक काम हवं. जमिनीचा एक तुकडा, वनस्पतींच्या नोंदी, दफनभूमीचा नकाशा, जुन्या कागदपत्रांची सूची, यातलं काहीही चालेल. 'सगळ्यांना मदत करणं' हे काम नव्हे. त्यातून रेझ्युमेवर एक ओळही येत नाही. रेझ्युमेवर संस्थेचं नाव लपवायचं नाही. नाव लिहायचं आणि खाली केलेलं काम लिहायचं.

तिला तिथल्या माणसांवर प्रबंध लिहायचा असेल, तर त्यांच्या मुलाखती घेण्याआधी विद्यापीठाच्या आयआरबीची, म्हणजे संशोधन-नैतिकता समितीची मंजुरी लागेल. त्यात काही आठवडे जातात. आधी राहून घेऊ, मग लिहू, असं केलं तर ती माहिती प्रबंधात वापरता येईलच असं नाही. प्राध्यापक पाठीशी असतील तर एक विषय सुचवते : आपल्या देवराया. 1970च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर केलेला अभ्यास जगभर वाचला जातो. श्रद्धेपोटी राखलेलं रान इथेही आहे आणि तिथेही आहे. मराठी येणाऱ्या मुलीला ही तुलना जशी करता येईल तशी तिथल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला क्वचितच येईल. पण धर्मअभ्यासात प्राध्यापकाच्या जागा फार थोड्या आहेत, हेही तिला कळू द्या. त्या एकट्यावर भिस्त ठेवू नये. जमीन-संवर्धनाच्या संस्था हा जास्त भरवशाचा रस्ता. रुग्णालयात धार्मिक समुपदेशक व्हायची तिची इच्छा असेल, तर त्याला सहसा पदव्युत्तर पदवी आणि रुग्णालयातलं वेगळं प्रशिक्षण लागतं. एका उन्हाळ्यात ते होत नाही.

माझं मत विचाराल तर जाऊ द्या, पण तीन महिने नको. सीपीटी घेऊन सहा आठवडे पुरेत. उरलेल्या सुट्टीत तिला विद्यापीठाच्या आवारात पूर्णवेळ काम करता येतं, एफ-१ वर सुट्टीत त्याला मुभा आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, भोजनगृह, जे मिळेल ते. त्यातून क्रेडिटच्या फीचा काही भाग निघेल आणि कर्जाच्या विषयावर घरात आवाज चढणार नाही.

तिच्याशी बोलाल तेव्हा आईच्या झोपेपासून सुरुवात करू नका. 'तुझं काम काय, वरिष्ठ कोण, कागद कुठे' एवढं विचारा. ती नीट उत्तरं देईल, नाहीतर तिचं तिलाच कळेल की अजून काही ठरलेलं नाही. आत्ता जानेवारी चालू आहे. मे महिन्यात जायचं असेल, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची भेट आणि प्राध्यापकांशी बोलणं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवं. संस्थेचं पत्र हाती आलं की मला पाठवा, त्यातली कामाची ओळ मी वाचून कळवते.