अ‍ॅम्बेसेडरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स घरी जुळवता येतो का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा, घरी जुळवता येईल का, ही एक; आणि गाडी चढावर खडखडते म्हणून मेकॅनिकने व्हॅक्यूमची नळीच बंद करून टाकली ते बरोबर आहे का, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देतो: बरोबर नाही. माझ्याकडे १९७२ सालची मार्क २ आहे. तिच्याही नळीत एका गॅरेजवाल्याने स्क्रू पिळून ठेवला होता, आणि पेट्रोल जास्त का जाते याचा शोध घेता घेता तो मला बऱ्याच महिन्यांनी सापडला.

ही यंत्रणा काम कधी करते ते आधी पाहू. सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवून गाडी चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण थोडेच भरते, ते सावकाश जळते, आणि म्हणून ठिणगी थोडी लवकर पडावी लागते; त्या वेळी कार्ब्युरेटरमधला व्हॅक्यूम नळीतून डिस्ट्रिब्युटरवरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागावरच्या) डबीतला पडदा ओढतो आणि पडद्याला जोडलेली पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, प्लेट फिरते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो आणि डबीतली स्प्रिंग प्लेट जागेवर परत आणते. म्हणजे ज्या क्षणी आपली गाडी खडखडते, त्या क्षणी व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स कामावरच नसतो. दोष मूळ टायमिंग (ठिणगी पडण्याची ठरवून दिलेली वेळ) फार पुढे असण्यात, डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या, वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडण्यात किंवा सिलिंडर हेडमध्ये साठलेल्या कार्बनमध्ये शोधावा लागेल. नळी बंद केल्याने खडखड जात नाही, फक्त अ‍ॅव्हरेज जाते.

आता जुळवण्याविषयी. या इंजिनावरच्या लुकास पद्धतीच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरला, व्हॅक्यूमची डबी ज्या दांड्यावर बसते त्या दांड्यावर, बोटाने फिरवता येणारी खाचांची चकती असते. चकती व्हॅक्यूमच्या डबीशी असल्यामुळे तिने व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स कमीजास्त होतो असा समज गॅरेजांतही पसरलेला आहे. प्रत्यक्षात तिने सगळी प्लेटच सरकते आणि मूळ टायमिंग बदलते. साधारण ११ टिकटिकींना एक अंश. व्हॅक्यूमने किती अंश मिळायचे हे डबीतल्या स्प्रिंगवर ठरलेले असते आणि ते बाहेरून बदलता येत नाही. डबीवर ठोकलेले आकडे, उदाहरणार्थ ५-१७-८, हेच सांगतात: पाऱ्याच्या ५ इंच व्हॅक्यूमला सुरुवात, १७ इंचाला शेवट, आणि डिस्ट्रिब्युटरचे जास्तीत जास्त ८ अंश. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर ते १६ अंश होतात.

सुरुवात डबी जिवंत आहे का हे पाहण्यापासून करावी. कॅप आणि रोटर काढून, कार्ब्युरेटरकडचे नळीचे टोक सोडवून तोंडाने ओढावे आणि जिभेने ते बंद धरावे. प्लेट सरकून तशीच थांबली तर पडदा शाबूत आहे. सरकून हळूहळू परत आली तर पडदा किंवा नळी गळते आहे. मुळीच हलली नाही आणि ओढताना हवा सरळ येत असेल तर डबी बदलण्यावाचून इलाज नाही. हवा अडते पण प्लेट हलत नाही, असे झाले तर प्लेट जाम असते आणि साफसफाई करून तेलाचा एक थेंब दिल्यावर बहुधा सुटते. त्याच वेळी प्लेटपासून बॉडीपर्यंत जाणारी बारीक अर्थिंगची वायर पाहून घ्यावी. प्लेटबरोबर वर्षानुवर्षे वाकून ती वेष्टनाच्या आतच तुटते, वरून अखंड दिसते, आणि मग गाडी फक्त चालू रस्त्यावर मिस मारते. माझ्या गाडीत स्क्रू काढून नळी जोडल्यावर नेमके हेच झाले, आणि दोन दिवस मी विनाकारण कार्ब्युरेटर उघडत बसलो.

त्यानंतर पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करावा. टायमिंग नंतरच पाहावे, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जाते. चकती मधोमध आणून ठेवावी, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना जागा राहते. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खाच टायमिंग कव्हरच्या टोकांशी जुळवावी. सर्वांत लांब टोक शून्याचे, बाकीची ५ आणि १० अंशांची. आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलकडच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावून, इग्निशन चालू ठेवून, क्लँपचा बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर फिरवावा. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो. तिथेच क्लँप आवळावा. हँडलने इंजिन फिरवताना खाच पुढे गेली तर तेवढेच मागे न आणता बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे आणावे, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात येतो.

नळी परत जोडून इंजिन गरम झाल्यावर आयडलला ती एकदा काढून पाहावी. कार्ब्युरेटरमधले तिचे भोक बटरफ्लायच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) जरा वर असल्यामुळे आयडलला तिच्यात व्हॅक्यूम नसायला हवा. काढल्याबरोबर इंजिनाचा वेग बदलला तर आयडलचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो किंवा नळी चुकीच्या जागी जोडलेली असते.

शेवटचे दोन-तीन अंश मी रस्त्यावर कानानेच ठरवतो. सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरवरून पाय पूर्ण दाबावा. क्षणभर पुसटशी खडखड येऊन विरली तर टायमिंग ठीक आहे. खडखड टिकली तर चकती आर (रिटार्ड, म्हणजे टायमिंग मागे) या खुणेकडे दहाबारा टिकटिकी फिरवून पुन्हा पाहावे. पाय दाबल्यावर इंजिन शांत आणि हलक्या पायाने एकसारख्या वेगात चालताना मात्र खडखड, असे असेल तरच संशय व्हॅक्यूमवर घ्यावा. त्या वेळी डबीवरचे आकडे वाचून पाहावेत. दुसऱ्याच इंजिनाची जास्त अंशांची डबी कोणीतरी बसवलेली सापडण्याची शक्यता बरीच असते.