वाचकांचे प्रश्न : सिंगापुरात कामाला जाताय? मग खाण्याचं असं जमवा

प्रश्न : टॉवेलच्या खरेदीदारांना भेटायला चार दिवस सिंगापूरला जातोय. मी शाकाहारी, अंडंही चालत नाही. पण रोज इडली-डोसा खाऊन परत यायचं नाही. चिनी, मलाय पदार्थही खायचेत. फसगत कशी टाळावी?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : मांसाचा तुकडा दिसतो, म्हणून टाळता येतो. घात करतात तीन गोष्टी : रस्सा, वाटण आणि चरबी. हैनानी चिकन राइसमधलं चिकन काढून नुसता भात मागितला तरी उपयोग नाही, कारण तो भातच कोंबडीच्या रश्श्यात आणि चरबीत शिजतो. लाक्सा या नूडल्सच्या रस्सेदार पदार्थाचं वाटण सुक्या कोळंबीचं असतं. रोजाक म्हणजे फळांची कोशिंबीर दिसते, पण तिच्यावरची काळी चटणी कोळंबीची. सांबल या लाल चटणीत बहुतेक वेळा बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधातला, पांदानच्या पानाच्या वासाचा. पण सोबत सांबल आणि तळलेली छोटी मासळी येते. काया टोस्टवरच्या नारळाच्या जॅममध्ये अंडं असतं. तेव्हा ‘मीट आहे का?’ एवढंच विचारू नका. मासे, कोळंबी, अंडं, चरबी असं एकेक नाव घेऊन विचारा. हॉटेलच्या रिसेप्शनवर हेच चिनी भाषेत चिठ्ठीवर लिहून घ्या आणि गाळ्यावर दाखवा.

चिनी जेवण मनसोक्त खायचं तर बौद्ध शाकाहारी गाळे शोधा. वॉटरलू स्ट्रीटच्या क्वान इम मंदिराजवळ फॉर्च्युन सेंटर नावाची इमारत आहे, तिथे अशी बरीच ठिकाणं आहेत. जेवणात सहसा कांदा-लसूणही नसतो. ताटात हुबेहूब मांसाचे तुकडे दिसले तर दचकू नका, ते सोयाबीनचे किंवा गव्हाच्या सत्त्वाचे असतात. अंड्याचं मात्र इथेही विचाराच. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, अनेक चिनी लोक शाकाहार पाळतात. त्या दिवशी रांग मोठी असते, लवकर जा.

लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये ‘सैवम’, म्हणजे शाकाहारी, हा तमिळ शब्द पुरतो. चार भाषांत बाजार करणाऱ्या सोलापूरकराला हे जड नाही. पराठ्याला तिथे प्राटा म्हणतात. साधा हवा तर ‘कोसोंग’ म्हणा, पण पिठात अंडं आहे का ते विचारा आणि सोबत डाळच मागा, नाहीतर माशाची किंवा मटणाची करी येते.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या अनेक गाळ्यांच्या सामायिक जागेत, टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ती जागा धरलेली समजा. जेवण झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा; हा नियम आहे, दंड होऊ शकतो. रेस्टॉरंटच्या दरापुढे दोन अधिक चिन्हं असतील तर सेवाशुल्क आणि 9 टक्के जीएसटी वेगळा लागतो.

कॉफीला ‘कोपी’ म्हणतात आणि ती आटवलेल्या गोड दुधाची येते. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची. साखरही नको तर ‘कोपी ओ कोसोंग’.

प्रश्न : हलाल कसं ओळखावं?
– वाचक, विजापूर वेस

उत्तर : गाळ्यावर ‘मुइस’ या तिथल्या इस्लामी परिषदेचं प्रमाणपत्र पाहा. ‘नो पोर्क, नो लार्ड’ ही पाटी म्हणजे हलाल नव्हे. डुक्कर नाही, एवढाच तिचा अर्थ. ट्रे ठेवायच्या जागाही हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात, पाटी वाचून ठेवा. गेलांग सेराई आणि सुलतान मशिदीजवळचा काम्पोंग ग्लाम, इथे शोधाशोध करावी लागत नाही.

प्रश्न : सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेऊ का?
– गृहिणी, सोलापूर

उत्तर : जरूर. बंद पाकिटात, मोठ्या बॅगेत ठेवा. खसखस मात्र अजिबात नको, ती घातलेला घरचा मसालाही नको : अफूच्या झाडाचं बी म्हणून तिथे तिच्यावर बंदी आहे. च्युइंगम, गुटखा, खायची तंबाखू घरीच ठेवा. आणि भाकरीचा डबा मेट्रोत उघडू नका. तिथे खाण्या-पिण्याला 500 सिंगापुरी डॉलरपर्यंत दंड आहे.