उन्हाळी सुट्टीत साइट लॅबमध्ये काम करायचे असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे की, सिव्हिलचे दुसरे वर्ष संपल्यावर सुट्टीचे सहा-सात आठवडे महामार्गाच्या कामावरील साइट लॅबमध्ये सहायक म्हणून जावे का, तिथला दिवस कसा जातो, आणि ‘तिथे नुसते क्यूब उचलायला लावतात’ हे तुमच्या मित्राचे म्हणणे कितपत खरे आहे. मी विद्यार्थी असताना संगमेश्वर आणि लांजा या पट्ट्यात असे दोन उन्हाळे काम केले आणि पुढची बरीच वर्षे गुणनियंत्रणातच काढली, म्हणून सविस्तर लिहितो. जरूर जा. क्यूब म्हणजे काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी भरलेला ठोकळा, जो ठरलेल्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. असे क्यूब उचलावे लागतात हे खरे आहे. एक क्यूब आठ किलोंच्या वर भरतो आणि दिवसाला तीस-चाळीस क्यूब टाकीत ठेवणे व टाकीतून काढणे हे काम तुमच्याच वाट्याला येईल. परंतु त्या क्यूबच्या नावापुढे नोंदवहीत जो आकडा पडतो, तो खरा ठरणे किंवा खोटा ठरणे हे बहुतांशी तुमच्या हातात असते, आणि ही जबाबदारी विद्यार्थ्याला दुसरीकडे कुठे इतक्या लवकर मिळत नाही.

कोकणात एप्रिल आणि मे हे घाईचे महिने असतात, कारण मृगाच्या आधी मातीचे भराव, मोऱ्या आणि पुलांचे पाये उरकावे लागतात. त्यामुळे दिवस सकाळी सातलाच सुरू होतो. पहिले काम नोंदवही उघडून आज कोणते क्यूब सात दिवसांचे झाले आणि कोणते अठ्ठावीस दिवसांचे झाले, हे पाहण्याचे. त्यानंतर आदल्या दिवशी भरलेले मोल्ड, म्हणजे क्यूबचे साचे, उघडायचे, प्रत्येक क्यूबवर तारीख, ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आणि ठिकाण लिहायचे आणि तो लगेच क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीट पाण्यात मुरवण्याच्या, टाकीत सोडायचा. दहापर्यंत खडी आणि क्रश सँडच्या चाळण्या लावून होतात, तेवढ्यात साइटवरून भरावाची घनता तपासायला बोलावणे येते. दुपारचे ऊन टाळण्यासाठी काँक्रीटचे मोठे काम पुष्कळदा संध्याकाळी सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालते, आणि अशा रात्री काँक्रीट घेऊन येणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरजवळ स्लम्प कोन (ताजे काँक्रीट किती घट्ट किंवा पातळ आहे ते मोजण्याचा शंकू) घेऊन उभे राहणारा माणूस बहुधा तुम्हीच असता.

क्यूबबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. १५० मिलिमीटरच्या मोल्डला आतून तेलाचा पातळ हात द्यायचा, बोल्ट आवळायचे, काँक्रीट तीन थरांत भरायचे आणि प्रत्येक थराला १६ मिलिमीटर जाडीच्या टॅम्पिंग रॉडने ३५ ठोके सर्व भागांत सारखे द्यायचे. टाकीतले पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास, फार तर दोन अंश इकडे-तिकडे, राहिले पाहिजे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ते सहज त्यावर जाते. आमच्या टेक्निशियनने टाकीवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप टाकले होते आणि बाजूला थर्मामीटर टांगून ठेवला होता; दुपारी दोनदा तो पाहून नोंद करण्याचे काम माझे होते. क्यूब फोडताना तो ओलाच हवा, फक्त पृष्ठभागावरचे पाणी पुसायचे, आणि भरताना वर असलेली खरबरीत बाजू यंत्राच्या प्लेटखाली न ठेवता बाजूला वळवायची. भार मिनिटाला दर चौरस मिलिमीटरमागे १४ न्यूटन या गतीने, म्हणजे या आकाराच्या क्यूबला सेकंदाला साधारण सव्वापाच किलोन्यूटन, इतकाच वाढवायचा. घाईने भार चढवला तर आकडा फुगून येतो. यंत्राची जाळी बंद असल्याशिवाय पंप सुरू करू नका, कारण चांगला क्यूब फुटताना तुकडे जोराने उडतात. नीट भरलेल्या क्यूबच्या चारही बाजूंच्या खपल्या सुटतात आणि मध्ये डमरूसारखा आकार शिल्लक राहतो. एकाच बाजूने तिरकी चीर जाऊन क्यूब फुटला, तर आकडा लिहिण्याआधी टेक्निशियनला तो तुकडा दाखवा.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगतो. एका मोरीच्या भिंतीसाठी चार घनमीटर एम-३०, म्हणजे चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीचे, काँक्रीट झाले होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एवढ्या कामाला एकच नमुना पुरतो, म्हणून सात दिवसांसाठी तीन आणि अठ्ठावीस दिवसांसाठी तीन असे सहा क्यूब मी भरले. अठ्ठाविसाव्या दिवशी ते ७४५, ७६० आणि ५६० किलोन्यूटनला फुटले. २२,५०० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाने भागल्यावर ३३.१, ३३.८ आणि २४.९ असे आकडे आले. त्यांची सरासरी ३०.६ होते आणि वरवर पाहता ती तीसच्या वर आहे. परंतु तीनपैकी कोणताही आकडा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक दूर गेला तर तो संचच बाद ठरतो, आणि तिसरा क्यूब जवळजवळ १९ टक्के खाली होता. तिथल्या एका वरिष्ठाने मला सरळ सांगितले की, तिसऱ्यासमोर ७१० लिही, कोणी विचारणार नाही. मी पेन हातात धरून बराच वेळ तसाच बसलो होतो. शेवटी टेक्निशियनने फुटलेला क्यूब उलटा केला आणि त्याची खालची कड मला दाखवली: तिथली सिमेंटची खळ गळून गेली होती आणि उघडी खडी मधाच्या पोळ्यासारखी दिसत होती. मोल्डचा एक बोल्ट मी आवळलाच नव्हता. खरे आकडेच नोंदवहीत गेले, संच बाद झाला, आणि त्या भिंतीतून तीन कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढावे लागले. कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि कोणताही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसावा, असा नियम आहे. त्यात भिंत व्यवस्थित बसली. भिंत चांगलीच होती. माझ्या एका ढिल्या बोल्टमुळे तिला तीन भोके पडली आणि दोन दिवसांचे काम अडले. मात्र मी त्या दिवशी ७१० लिहिले असते, तर पुढच्या वेळी एखादी भिंत खरोखर कमकुवत निघाली असती तेव्हाही माझा हात तसाच सहज चालला असता, याची मला खात्री आहे.

तुम्हालाही असे कोणीतरी सांगेल. त्या वेळी वाद घालू नका. ‘यंत्रावर जे दिसले ते मी लिहिले आहे, पुढे काय करायचे ते आपण ठरवा’ एवढेच नम्रपणे म्हणा आणि आपली सही त्याच आकड्यासमोर करा. शिसपेन्सिलीने कधीच लिहू नका.

किनाऱ्यावर हे अधिक महत्त्वाचे का, तेही समजून घ्या. खारी हवा काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि सळईपर्यंत क्लोराइड पोहोचले की गंज धरतो, गंज फुगतो आणि सळईवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, सुटून पडतो. म्हणून सागरी वातावरणातल्या सळईच्या काँक्रीटला किमान एम-३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण फार तर ०.४५ आणि ४५ मिलिमीटर कव्हर असे बंधन आहे. मिक्सर घाटात अडकला, काँक्रीट घट्ट झाले आणि कोणी पाइप लावून ड्रममध्ये पाणी सोडू लागले, तर हे ०.४५ तिथल्या तिथे मोडते. ते पाहिल्यास तुमच्या इंजिनिअरला ताबडतोब फोन करा.

पाण्याकडे लक्ष द्या, असे मी मुद्दाम सांगतो, कारण बाहेरून आलेल्या माणसाला हे सुचत नाही. खाडीजवळच्या विहिरीचे पाणी जानेवारीत गोडे असते आणि तेच मे महिन्यात पातळी खाली गेल्यावर मचूळ होते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, त्यामुळे हिवाळ्यातला अहवाल दाखवून मे महिन्यात काम रेटणे योग्य नाही. नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर दाट पांढरा साका धरलेला दिसला, तर रीतसर तपासणीसाठी पाणी पाठवायला सांगा. टँकर बदलला तरीही तेच करावे.

मातीच्या चाचण्यांत आपल्या जांभ्या मुरमाचा स्वभाव ओळखावा लागतो. हेवी प्रॉक्टरमध्ये, म्हणजे माती ठोकून तिची जास्तीत जास्त घनता काढण्याच्या चाचणीत, ४.९ किलोचा हातोडा ४५० मिलिमीटरवरून पडतो आणि मुरमाचे खडे त्याखाली फुटून बारीक होतात. म्हणून एकदा ठोकलेला नमुना पुन्हा पाणी घालून वापरायचा नाही, दर वेळी नवीन माती घ्यायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच टाळले जाते. भरावाला त्या घनतेच्या ९५ टक्के आणि सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांच्या लगेच खालच्या मातीच्या थराला, ९७ टक्के गाठायचे असतात, तेव्हा मूळ आकडाच चुकला तर पुढची सगळी तपासणी निरर्थक होते. साइटवर वाळू ओतून घनता काढताना खड्ड्यातली मोकळी माती शेवटच्या चिमटीपर्यंत गोळा करा, आणि रोलर शेजारी चालू असेल तर चाचणी संपेपर्यंत त्याला थांबवायला सांगा, कारण त्याच्या हादऱ्याने खड्ड्यातली वाळू दबते आणि घनता कमी दाखवते. आपल्या दमट हवेत वाळू ओल धरते. ती चाळून, सुकवून घ्या आणि तिची स्वतःची घनता वरचेवर मोजत जा.

डांबराच्या लॅबमध्ये पाठवले तर खिडक्या उघड्या ठेवा, कारण डांबर वेगळे करायला वापरली जाणारी द्रावणे श्वासाला घातक असतात. ओले सिमेंट कातडी जाळते, म्हणून हातमोजे आपल्या मापाचे मागून घ्या. बूट, हेल्मेट आणि चमकणारे जॅकेट याशिवाय चालू रस्त्यालगत बसून खड्डा खणू नका. राहण्याची सोय, येण्या-जाण्याचे वाहन, मानधन आणि अपघात विमा हे रुजू होण्याआधीच स्पष्ट विचारा. विद्यार्थ्याने हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. उन्हात पाण्याबरोबर कोकमाचे सरबत मिठासह जवळ ठेवा, दुपारी त्याचा मोठा आधार होतो.

एक वही स्वतःची ठेवा. लॅबच्या नोंदवहीत निकाल असतो. तुमच्या वहीत त्या वेळचा स्लम्प, हवा, मिक्सर किती वाजता प्लांटवरून निघाला, खडी कशी दिसत होती, हे असू द्या. तुम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात भरलेले क्यूब जूनच्या शेवटच्या आठवड्यात फुटतील आणि तोपर्यंत तुम्ही वर्गात परतलेले असाल. निघण्याआधी त्यांचे क्रमांक उतरवून घ्या आणि टेक्निशियनला निकाल कळवण्याची विनंती करून ठेवा. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यातल्या शेवटच्या तीन क्यूबचे आकडे त्यांनी मला भर पावसात फोन करून सांगितले होते: ८४०, ८५५ आणि ८३०. ते पान अजून माझ्याकडे आहे.