क्लोज-अप कुणाला दिलास?

प्रश्न : ताई, मी केंब्रिज ए लेव्हलला मीडिया स्टडीज घेतलंय. मैत्रिणीच्या रॅपवर आम्ही जूनमध्ये वर्सोव्याच्या कोळीवाड्यात म्युझिक व्हिडिओ केला. सोबत डिजिपॅक, म्हणजे सीडीचं पुठ्ठ्याचं कव्हर, आणि इन्स्टाग्रामचं पान. आता हजारेक शब्दांत आपल्याच कामाचं परीक्षण लिहायचंय : रिप्रेझेंटेशन (कुणाला कसं दाखवलं), ब्रँडिंग, प्रेक्षक, रूढ संकेत. मी शूटिंगची हकिकत लिहिली, तर सर म्हणाले, ही डायरी झाली. मग लिहू काय? व्हिडिओ सोबत पाठवतेय.
— एक विद्यार्थिनी, अंधेरी

उत्तर : तुझा व्हिडिओ मी आधी आवाज बंद करून पाहिला. मी एडिटर आहे. आवाज गेला की फ्रेममध्ये मान कुणाला मिळालाय ते लगेच कळतं. तुझी मैत्रीण कॅमेऱ्यात बघून गाते, क्लोज-अप सगळे तिचे. कोळणी मागून स्लो मोशनमध्ये जातात, एकीचाही चेहरा धड दिसत नाही. अपवाद एकच. जाळं शिवणारे काका दातानं दोरा तोडतात, मान वर करतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात. तो शॉट तू कापला नाहीस, हे फार चांगलं केलंस. लिहायला तिथून सुरुवात कर.

माध्यमांचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली म्युझिक व्हिडिओची जी लक्षणं मांडली, त्यात गायकाचे भरपूर क्लोज-अप हे एक आहे, कारण रेकॉर्ड कंपनीला चेहरा विकायचा असतो. तू तो मान थोडा वेळ का होईना, काकांना दिलास. आणि कोळणींना दिला नाहीस. दोन्ही लिही, कारणांसकट. सिनेमा बाईला पुरुषी नजरेतून दाखवतो असं मांडणाऱ्या लॉरा मल्व्ही यांचं नाव घ्यायचंच तर इथे, स्वतःच्या शॉटवर बोलताना घे. नुसती व्याख्या उतरवून काही साधत नाही.

कोळीगीतांच्या व्हिडिओत काय असतं? वल्ही, डोक्यावर पाट्या, ठेका धरलेली रांग. तुझ्याकडे १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून किनाऱ्यावर ओढून निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या होड्या आहेत. नाच कुठेच नाही. बंदीच्या दिवसांतला कोळीवाडा गाण्यांत क्वचितच दिसतो, त्यामुळे संकेत मोडल्याचा याहून पक्का दाखला तुला मिळायचा नाही. मात्र ते ठरवून केलंस की जून होता म्हणून तसं झालं, हे खरं खरं लिही.

ब्रँडिंग मला पटलं नाही. डिजिपॅकवर मरीन ड्राइव्हचे रात्रीचे दिवे, इन्स्टाग्रामवर फिकट गुलाबी, व्हिडिओत ताडपत्रीचा निळा. तीन वेगळ्या गायिका वाटतात. हाती लिहिलेलं नाव तेवढं तिन्हीकडे एक आहे. काम अजून जमा केलं नसेल तर कव्हर बदल : तोच निळा, त्यावर ते नाव, बाकी काही नको. जमा केलं असेल, तर कव्हर व्हिडिओपासून कुठे तुटतं ते परीक्षणात स्वतःच दाखव आणि शेजारी दोन्हींचे स्क्रीनशॉट लाव.