दोन सॉफ्टवेअर, दोन निकाल

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. टाइप २ मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींच्या आतड्यातल्या जिवाणूंची तुलना करते आहे; प्रत्येकाचं वय, लिंग, वजन नोंदवलं आहे. डाडा२ या सॉफ्टवेअरमधून कोणत्या नमुन्यात कोणते जिवाणू किती, याचा तक्ता नीट तयार झाला. पुढे दोन गटांतला फरक शोधणारी दोन सॉफ्टवेअर चालवली, तर लेफ्सेने बरेच जिवाणू मधुमेहाशी जोडलेले दाखवले आणि अँकॉम-बीसीने दोनच. गाईड म्हणतात, जास्त निघाले तो निकाल घे. काय करू?

उत्तर : तो निकाल केवळ जास्त निघाले म्हणून घेऊ नका. गाईडना हे सांगणं अवघड आहे, याची मला कल्पना आहे. तरी सांगाच.

फरक कुठून येतो ते बघा. सिक्वेन्सिंगमधून, म्हणजे नमुन्यातला डीएनए वाचून, जिवाणूंची खरी संख्या कळत नाही, कळतो तो फक्त वाटा. समजा, एका व्यक्तीत 'अ' जिवाणू १०० आणि 'ब' १००. दुसरीत 'अ' तेवढेच १००, पण 'ब' ३००. 'अ'चा वाटा ५० टक्क्यांवरून २५ वर आला. प्रत्यक्षात एकही 'अ' कमी झालेला नाही! लेफ्से हे वाटेच तपासतं, त्यामुळे तिथे 'अ' घटल्यासारखा दिसू शकतो. अँकॉम-बीसी हा दोष हिशेबात धरून दुरुस्त करायचा प्रयत्न करतं, म्हणून माझा कल त्याच्याकडे.

हे फक्त तुमच्याच डेटात झालंय असंही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ डेटासेटवर १४ पद्धती चालवल्या, तर निकालांत प्रचंड तफावत आली. त्यात आल्डेक्स२ आणि अँकॉम-२ यांचे निकाल सर्वांत सातत्याचे होते. आल्डेक्स२ तुम्हीही चालवून बघा. तिन्हींत सापडेल त्यावर जास्त भरवसा ठेवा आणि प्रबंधात तिन्ही निकाल छापा, न जुळलेलेसुद्धा.

पण मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या मेटाडेटात, म्हणजे प्रत्येक व्यक्तीच्या माहितीच्या तक्त्यात, औषधांचा कॉलम आहे का? तुम्ही वय, लिंग, वजन लिहिलंय, औषधाचं नावही नाही. २०१५ साली फोर्सलुंड आणि सहकाऱ्यांनी आतड्यातले ७८४ मेटाजीनोम (नमुन्यातल्या सगळ्या जिवाणूंचा एकत्रित डीएनए) तपासले, तेव्हा जिवाणूंमधल्या आधी मधुमेहाच्या म्हणून सांगितलेल्या काही खुणा प्रत्यक्षात मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या निघाल्या. ही गोळी घेणाऱ्यांत एशेरिकिया हा जिवाणू वाढतो, इंटेस्टिनीबॅक्टर हा घटतो. तुमचे बहुतेक रुग्ण मेटफॉर्मिनवर असतील आणि निरोगी गटात कोणीच नसेल, तर तुम्ही आजार मोजताय की गोळी, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. अँकॉम-बीसी किंवा मासलिन२ या तशाच सॉफ्टवेअरमध्ये औषध हा घटक घालता येतो, पण त्यासाठी मेटफॉर्मिन न घेणारे रुग्णही गटात हवेत.

तेव्हा नवीन सॉफ्टवेअर उतरवण्याआधी नमुने गोळा करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. कोण मेटफॉर्मिनवर होतं आणि गेल्या काही महिन्यांत कोणी अँटिबायोटिक घेतलं होतं, एवढं विचारा. अजून त्यांच्याकडे नोंदी असतील.