नोकरी सोडून फ्रीलान्स डेव्हलपर व्हावं का? आणि पैसे थकवणाऱ्या क्लायंटसाठी कोडमध्ये कुलूप लपवून ठेवावं का?

तुमचा मुख्य प्रश्न फ्रीलान्सिंगमधल्या काम आणि कमाईच्या चढउतारांचा आहे. दुसरा तुम्ही जाता जाता विचारलाय: मित्र म्हणतो, कोडमध्ये आधीच एक तारीख पेरून ठेवायची, पैसे आले नाहीत तर त्या दिवशी सगळं आपोआप बंद. मी दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण असाच एक मित्र मलाही आहे आणि त्याच्याशी माझं हे भांडण अजून मिटलेलं नाही.

नाही. ठेवू नका.

सीमेन्स कंपनीच्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या कार्यालयासाठी कंत्राटावर काम करणाऱ्या एका प्रोग्रामरने स्प्रेडशीटमध्ये असेच तारखेचे सुरुंग पेरले होते. तारीख उलटली की शीट बिघडायची आणि दुरुस्तीला यालाच बोलावणं यायचं. २०१६ मध्ये तो बाहेरगावी असताना तातडीच्या कामासाठी त्याला शीटचा पासवर्ड द्यावा लागला आणि बिंग फुटलं. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, सहा महिन्यांची कैद झाली. त्याचे पैसे कुणी थकवले नव्हते हे खरं, आणि माझा मित्र नेमका तोच मुद्दा धरून बसतो. पण दुसऱ्याच्या चालू धंद्यात त्याला न सांगता मोडणारी गोष्ट ठेवली की ज्या भांडणात तुमची बाजू शंभर टक्के खरी होती, तिथे अचानक तुम्हीच आरोपी होता. वर ती तारीख चुकून पैसे दिल्यानंतर उडाली तर? सर्व्हरचं घड्याळ, टाइमझोन, चाचणीसाठी केलेली कॉपी, यातलं काहीही तुमच्या हातात नसतं.

आता माझी गोष्ट. एका कंपनीसाठी गोदामातला माल आणि ऑर्डरी सांभाळणारी प्रणाली बनवायचं काम मी आणि हा मित्र मिळून करत होतो. रक्कम ठरलेली, चार हप्ते. मित्राने तेव्हाच ‘लायसन्स तपासणी’ या गोंडस नावाखाली काही ओळी घुसडल्या होत्या. कोड तपासताना मी त्या मुख्य कोडमध्ये जाऊ दिल्या नाहीत. बरीच वादावादी झाली. तो म्हणाला, तू भाबडा आहेस. मी म्हणालो, करारात एक वाक्य आहे, ते पुरेसं आहे. वाक्य असं, की कोडवरचे हक्क पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच क्लायंटकडे जातील.

पहिले तीन हप्ते वेळेत आले. प्रणाली सुरू झाली, लोक वापरायला लागले आणि चौथा हप्ता अडकला. सुरुवातीला ‘एवढं एक झालं की लगेच सोडतो’. मग एक रिपोर्ट एक्सेलमध्ये हवा. मग लेबल वेगळ्या प्रिंटरवर. मग मॅनेजरच्या वर आणखी एक मंजुरी देणारा माणूस, जो त्यांच्या मते अर्ध्या तासाचं काम होता आणि प्रत्यक्षात परवानग्यांची सगळी रचना उसवावी लागणार होती. अशातच आमच्याशी बोलणारा माणूस कंपनी सोडून गेला. नव्याने आलेल्याला ‘यातलं काही माहीत नव्हतं’. अकाउंट्सवाले म्हणाले, तुमच्या इन्व्हॉइसवर पर्चेस ऑर्डरचा नंबर नाही. नंबर टाकून पाठवला तर म्हणाले, ती ऑर्डर आता बंद झाली.

मित्राचे फोन सुरू झाले. ‘त्या ओळी असत्या तर आज पाया पडत आले असते.’ रोज तेच.

मी काय केलं ते सांगतो, कारण तुम्हाला उपयोगी पडेल ते एवढंच आहे. नवीन काम थांबवलं. कुठल्या तारखेपासून, कुठल्या रकमेसाठी आणि कराराच्या कुठल्या कलमाप्रमाणे थांबवलं, ते ईमेलने कळवलं. चालू प्रणालीला हात लावला नाही. त्यांच्या सर्व्हरचे पासवर्ड माझ्याकडे होते, ते बदलून घ्या असं लेखी सांगितलं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर बोट माझ्याकडे यायला नको. दर महिन्याला उशिराच्या व्याजासकट बिलाची आठवण पाठवत राहिलो. उत्तर नाही.

बऱ्याच काळाने फोन आला. आवाज साखरेत घोळलेला. कंपनीत बाहेरची गुंतवणूक येत होती आणि गुंतवणूकदाराच्या वकिलांनी यादी मागितली होती: कोड कुणी कुणी लिहिला आणि प्रत्येकाने हक्क सोडल्याची सही कुठे आहे. आमची सही कुठेच नव्हती. ‘फक्त एक फॉर्मॅलिटी आहे, आज सही करून पाठवा ना.’ मी म्हणालो, जरूर, आधी बिल. व्याजासह पैसे आधी आले, सही नंतर गेली.

मित्र याला नशीब म्हणतो. गुंतवणूक आली नसती तर? तर कदाचित आजही पैसे आले नसते, हे मला मान्य आहे. पण ते वाक्य करारात नसतं तर गुंतवणूक येऊनही काही मिळालं नसतं, हे तो कधीच बोलत नाही.

यामागे कायदाही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९८९ मध्ये एका मूर्तिकाराचं प्रकरण आलं होतं. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्याच्याकडून मूर्ती करून घेतली आणि तिचा कॉपीराइट आमचाच म्हटलं. कोर्टाने सांगितलं, तो संस्थेचा नोकर नव्हता, स्वतंत्र कंत्राटदार होता, त्यामुळे ‘नोकरीत केलेलं काम’ म्हणून कॉपीराइट संस्थेचा होत नाही. फ्रीलान्सरच्या कोडबद्दल तिथे आजही याच वळणाने विचार होतो. प्रत्येक देशात नियम वेगळे असतात, पण पैसे दिले म्हणजे हक्क आले असं धरून चालणारे क्लायंट सगळीकडे सापडतात. म्हणून हे वाक्य सोडू नका.

बरं, चढउतार. सगळ्यात मोठा उतार कामाच्या गर्दीतच तयार होतो. एक प्रोजेक्ट शेवटच्या टप्प्यात असतो, रात्री जागून बग निस्तरत असता, तेव्हा पुढचं काम शोधायला वेळ नसतो. डिलिव्हरी होते आणि दुसऱ्या दिवशी हातात काहीच नसतं. उपाय कंटाळवाणा आहे: कामाचा डोंगर असतानाही आठवड्यातला थोडा वेळ जुन्या ओळखीच्या लोकांशी बोलण्यात घालवायचा. आणि एखाद-दोन क्लायंटकडून देखभालीचा मासिक रिटेनर, म्हणजे दर महिन्याची ठरलेली रक्कम, मिळवायचा. तो कमी असला तरी चालेल, पण नियमित हवा.

आठ तास बसलात म्हणजे आठ तासांचं बिल होत नाही. एस्टिमेट काढणं, न मिळालेल्या कामांची प्रपोजलं, कॉल, वसुली हे सगळं तुमच्याच खिशातून. पगार भागिले तास असा दर काढाल तर पहिल्याच वर्षी रडाल. फ्रीलान्सरना कामं मिळवून देणाऱ्या अपवर्कसारख्या वेबसाइटवर तासाच्या कामाच्या पैशांना संरक्षण आहे, पण त्याच्या बदल्यात त्यांचं ॲप दर दहा मिनिटांच्या तुकड्यात तुमच्या स्क्रीनचा फोटो काढतं. मला ते सहन होत नाही. काहींना होतं आणि त्यांचं उत्तम चाललंय.

हल्ली एक नवा प्रकार निघालाय. क्लायंट एआयकडून बनवून घेतलेला डेमो घेऊन येतो आणि ‘नव्वद टक्के झालंय, उरलेलं करून द्या’ म्हणतो. लॉगिन आहे पण पासवर्ड साधा मजकूर म्हणून साठवलेला, एरर आली की पांढरा पडदा. असल्या कामाची रक्कम आधी ठरवू नका. कोड वाचायचे वेगळे पैसे घ्या, मग बोला. माझा मित्र अशी कामं ठरलेल्या रकमेत घेतो, वर पुन्हा ते कुलूप ठेवण्याची भाषा करतो. अरे, ज्याच्यावर विश्वासच नाही त्याचं काम घेतोस कशाला? अॅडव्हान्स घे, हप्ते लहान ठेव, शेवटच्या हप्त्यात मोठी रक्कम अडकू देऊ नकोस. आमच्या करारात शेवटचा हप्ता सगळ्यात मोठा होता, आणि ती वाटणी कुणी सुचवली होती हे त्याला चांगलं माहीत आहे.

सोडावी का नोकरी? मी सोडली, परत जाणार नाही. मात्र एक सांगायला हवं: घरात दुसरा नियमित पगार होता, म्हणून मी ते पैसे अडकलेले असताना शांत बसू शकलो. मित्राकडे तो नव्हता. तुमच्याकडे काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे यापुढे मी ठामपणे काही सांगू शकत नाही. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

आणि नोकरीत असतानाच बाहेरचं पहिलं काम घेणार असाल तर आधी नेमणुकीचा करार वाचा. नोकरीच्या काळात लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, अशी ओळ पुष्कळ करारांत असते, आणि ती असेल तर वर सांगितलेला हक्कांचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो.